साय कोणासाठी?

१

आमच्यात सहलीआधी भांडण होतं ते कुठे जायचं यावरून नाही, सामान कोणी आणायचं यावरून. मागच्या वेळी तिन्ही घरांनी मीठ आणलं आणि काडेपेटी कोणीच आणली नाही. भावजी अर्धी संध्याकाळ गाडीच्या लायटरवर कागदाचे बोळे पेटवत बसले होते आणि ताई त्यांच्या डोक्यावर उभी राहून त्यांना शहाणपणा शिकवत होती. शेवटी आम्ही पाव तसाच खाल्ला. कोरडा पाव, वर मीठ.

म्हणून या वेळी ताईने फर्मान काढलं, की फोनवर एखादं सामानाच्या यादीचं ॲप घ्यायचं. सगळ्यांनी त्यातच लिहायचं, सगळ्यांना दिसेल, ज्याने जे आणलं त्याने त्यावर खूण करायची. कुठलं घ्यायचं ते ठरवायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं.

मी पावाच्या कारखान्यात तपासणीला आहे. भट्टीतून आलेल्या मालातले काही पाव उचलायचे, फोडायचे, हुंगायचे, कडेचा तुकडा चावून थुंकायचा, आणि मग शिक्का मारायचा किंवा सगळी खेप परत पाठवायची. पीठ किंचित आंबलं असेल, कोणी ट्रेला ओलं फडकं लावलं असेल, तर मला दारातूनच कळतं. हा काही गुण नाही. लोकांच्या घरी जेवायला बसले की मला पेल्याला लागलेला कालच्या अंड्याचा वास येतो, आणि मग घास घशाखाली उतरत नाही. भावजी मला नाकबाई म्हणतात. बाकीच्यांसाठी मी अजून छोटीच आहे. चाळिशी ओलांडली, एकटी राहते, तरी छोटी.

सहलीची कल्पना माझी होती, आणि ती दादासाठी होती. वर्षभरात दादा निम्मा झाला होता. त्याचं चष्म्याचं दुकान आहे, तिथे मी अधूनमधून डोकावायची. दर वेळी त्याच्या शर्टाची कॉलर मानेपासून आणखी लांब गेलेली दिसायची. डॉक्टरांना काही सापडत नव्हतं. घरी येते म्हटलं की वहिनीचं उत्तर तयार असायचं. आज रंगकाम आहे, आज पाण्याची टाकी धुतायत, आज पाहुणे आलेत. त्याला त्या घरातून बाहेर काढायचं, तळ्याकाठच्या बंगल्यात चार दिवस बसवायचं आणि समोर बसून खायला घालायचं, एवढंच माझ्या मनात होतं.

लहानपणी मला पावाच्या कडा आवडायच्या नाहीत. आई पानात काही टाकू द्यायची नाही. दादा गुपचूप माझ्या कडा उचलून खायचा आणि त्याच्या पावाचा मऊ भाग माझ्या ताटात सरकवायचा. असं किती वर्षं चाललं कोण जाणे. मी त्याला कधी धन्यवादसुद्धा म्हटलं नाही.

२

मी दोन नियम घातले. पहिला, वापरून पाहिल्याशिवाय कुठलंही ॲप पसंत करायचं नाही. कारखान्यात आम्ही न चाखता माल पास करत नाही. तेव्हा सहलीपर्यंत तिन्ही घरांनी आपापलं रोजचं सामान त्यातच लिहायचं. दुसरा, प्रत्येक वस्तूपुढे ती कोणासाठी आहे ते लिहायचं. ताईला अंडं चालत नाही, भावजींना साखर चालत नाही, आणि नंतर कटकट नको.

पहिलं ॲप हिरव्या रंगाचं होतं. ताईच्या घरून येणाऱ्या वस्तू भराभर दिसू लागल्या. तिचं पाळणाघर आहे, त्यामुळे दूध, बिस्किटं, पुसायचे रुमाल, पुन्हा दूध. भावजींनी 'शांतता, एक किलो' असं लिहिलं आणि पुढे स्वतःचं नाव घातलं. मी हसले. तेवढ्यात दादाच्या घरून एक ओळ आली.

साय. पुढची जागा रिकामी.

थोड्या वेळाने दुसरी. पावाच्या कडा, दुधात भिजवून. पुढे नाव नाही.

ताईने लगेच लिहिलं, "दादाचे दात पडले की काय?" भावजींनी हसरी तोंडं पाठवली. मला मात्र कडांचं वाचून बरं वाटलं. दादाचं खाणं पूर्वीसारखं होतंय, असं वाटलं. मग संध्याकाळपर्यंत आणखी आलं. अंडी, कवचासकट कुस्करून. उकडलेला बटाटा, कालचा. आणि मग, 'दूध, नासलेलं चालेल.'

नासलेल्या दुधाचा तो पातळ आंबूस वास फोनमधून येतोय असं वाटलं. मी मनाची समजूत घातली, की मांजर पाळलं असेल. मांजरं असलंच काहीतरी खातात, आणि मांजराचं नाव यादीत कोण लिहितं? पण कालचाच बटाटा कुठल्या मांजराला लागतो?

मी दादाला फोन केला.

"अरे, हे साय बिय कोणासाठी?"

"वहिनीने लिहिलं असेल," तो म्हणाला. "तू कशी आहेस?"

त्याच्या बोलण्यामागून एक आवाज येत होता. कोणीतरी तोंड उघडं ठेवून खात होतं. ओला, संथ, मचमच आवाज, फोनच्या अगदी जवळ. असं खाणारा माणूस शेजारी बसला तर मी बसमधून उतरते.

"वहिनी जेवतेय का? तिला सांग जरा तोंड मिटून खा."

"ती औषधाच्या दुकानात आहे, कामावर. रात्री येईल."

"मग तिथे कोण आहे?"

"कोणी नाही गं," दादा म्हणाला. "मी एकटाच आहे."

आणि तो बोलत असतानाही ते मचमचणं थांबलं नाही.

३

हिरवं ॲप मी नापास केलं. कारण सांगितलं, जाहिराती फार. खरं कारण मला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. दुसरं ॲप घेतलं, ते कोणी काही लिहिलं की घंटी वाजवायचं. नवी कोरी यादी, पाटी स्वच्छ. पहिली घंटी वाजली ती पहाटे, मी कारखान्यात जायला निघत होते तेव्हा. साय.

"नाकबाई, ॲप बदललं म्हणून पोट बदलतं का?" भावजी फोनवर म्हणाले. "असेल काहीतरी पथ्य. विचारा ना वहिनींना सरळ."

म्हणून रविवारी दुपारी मी न कळवता दादाच्या घरी गेले. वहिनीने दार उघडलं आणि क्षणभर ती दार परत लावणार असं मला वाटलं. मग म्हणाली, "या वन्सं. जेवायलाच बसतोय."

मी नाक तयार ठेवूनच आत गेले होते. घाण असेल, तुंबलेली मोरी असेल, असं धरून चालले होते. तसं काही नव्हतं. स्वयंपाकघर लख्ख होतं. ओटा चकचकीत, डब्यांची झाकणं चकचकीत, फरशीच्या फटीसुद्धा स्वच्छ. साबणाचा मात्र वास नव्हता. ना साबण, ना फिनाईल. होता तो कोमट वास, झोपलेल्या माणसाच्या उशीला येतो तसला.

मी ओट्यावरून बोट फिरवलं. ते किंचित चिकटलं. सुकलेला पातळ पापुद्रा होता, नखाने खरवडला तर निघत होता. मी सवयीने बोट नाकाशी नेलं, आणि मला कळलं की ही लाळ आहे. सगळा ओटा, डबे, फरशी कोणी पुसली नव्हती. चाटली होती.

मी मोरीवर हात धुवायला गेले. साबणाची वडी मधोमध खोलगट झाली होती, चघळलेल्या गोळीसारखी. मी ती परत ठेवली आणि नुसत्या पाण्याखाली हात धरून उभी राहिले. हात पुसायला तिथे फडकं होतं, त्याला मी हात लावला नाही.

जेवायला सूप, पाव आणि उकडलेली भाजी होती. वहिनी चांगली रांधते, पण मी पेल्यातल्या पाण्यापलीकडे काही घेतलं नाही. दादाने आपल्या ताटातलं अर्धं अन्न न बोलता एका वाडग्यात काढलं. त्याच्या अंगठ्याला पट्टी बांधलेली होती.

"काय झालं अंगठ्याला?"

"काच लागली. फ्रेम बसवताना."

"आणि हा वाडगा कोणाला?"

वहिनीने वाडगा उचलला, वाकून मोरीखालच्या कपाटाचं दार उघडलं, वाडगा आत सरकवला आणि दार लावलं. आत बघायची तिला गरज पडली नाही. मला दिसला तो फक्त अंधार आणि एक पाईप. मग आवाज सुरू झाला. तोच, फोनवरचा.

"मांजर आहे का?" मी विचारलं.

"हो," दादा म्हणाला.

"नाही," वहिनी त्याच क्षणी म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलंही नाही. दादाने चमच्याने सूप ढवळलं. माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं, उलटी येण्याआधी सुटतं तसलं. मी काम आठवल्याचं निमित्त करून उठले. जिन्यावर कठड्याला धरून लांब श्वास घेतले, आणि मग मला स्वतःचीच लाज वाटली. सख्खा भाऊ आत वाळत चाललाय आणि आपल्याला त्याच्या ओट्याची किळस येते.

४

घरी येऊन मी खूप विचार केला. आजारी कुत्रं असेल. कोणी लपवायला दिलेलं, घरमालकाला न कळू द्यायचं एखादं जनावर असेल. वहिनीच्या माहेरचं कोणी म्हातारं... नाही, मोरीखाली नाही. प्रत्येक उत्तर काही पावलं चालायचं आणि मग त्या चाटलेल्या ओट्याशी येऊन थांबायचं.

काही का असेना, दादाला आधी तिथून काढायचं. मी तिसरं ॲप उतरवून घेतलं आणि ते बघताक्षणीच मला आवडलं. माझ्या स्वभावाचं होतं. त्यात प्रत्येक वस्तूला एक जबाबदार माणूस लागायचा. कोणी नाव घातलं नाही तर ज्याने यादी सुरू केली त्याचं नाव ते आपोआप टाकायचं. म्हणजे माझं. बेवारस काही राहायचंच नाही. असं काही रिकामं पाहिलं की मला तसंही राहवत नाही. कारखान्यातही ज्या ट्रेवर कोणाची सही नसते, त्यावर मी माझी करून मोकळी होते.

मी सगळ्यांना लिहिलं, "हेच पक्कं. ज्याच्यापुढे नाव नसेल ते माझं, मी निस्तरेन."

ताई म्हणाली, चालेल. भावजी म्हणाले, नाकबाईंचा विजय असो. वहिनी यात आजवर एक शब्द बोलली नव्हती. पहिली दोन्ही ॲप तिने मुकाट वापरली. तिचा फोन आला.

"वन्सं, हे चांगलं आहे. हेच घेऊ या."

"घेतलंच आहे."

"रिकामं राहिलेलं तुमच्याकडे येतं ना? नक्की?"

"हो गं. तू लिही काय लागतं ते. नाव नसलं तर मी बघेन."

"काहीही असलं तरी?"

मला वाटलं तिला त्या जनावराची लाज वाटतेय. सहलीत ते बरोबर आणावं लागेल, कोणी हसेल, म्हणून विचारतेय. मी म्हटलं, "काहीही असलं तरी. तू दादाला घेऊन ये म्हणजे झालं. बाकी सगळं मी घेते."

पलीकडे ती खाण्याची मचमच सतत चालूच होती. वहिनी म्हणाली, "थांबा, फोन स्पीकरवर टाकते. परत एकदा सांगा."

"दादाला ऐकवायचंय का?"

"सांगा ना."

मला राग आला. कामं पडली होती. मी जरा मोठ्यानेच म्हटलं, "ज्याला कोणाचं नाव नाही ते माझ्याकडे. मी घेते. झालं?"

मचमच थांबली.

इतके दिवस फोन केला की तो आवाज असायचाच. आता पलीकडे इतकं शांत झालं की त्यांच्या घरातल्या घड्याळाची टिकटिक मला ऐकू आली. मग वहिनी रडायला लागली. हुंदके दाबत, तोंडात पदर कोंबून रडावं तशी. मी हॅलो हॅलो करत राहिले आणि फोन बंद झाला.

ॲपमध्ये एक ओळ आली होती. साय. पुढे नाव, छोटी.

५

तळ्याकाठचा बंगला छान निघाला. मोठ्या खिडक्या, मागे पायऱ्या, पायऱ्यांखाली पाणी. आणि दादा जेवला.

पहिल्याच दुपारी त्याने ताट पुसून खाल्लं आणि परत घेतलं. आम्ही सगळे आपापले घास हातात धरून त्याच्याकडे बघत राहिलो. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. तो हसला, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये भावजी गाडी कशी शिकवतात त्याची नक्कल केली, संध्याकाळी पाण्यात उतरला. वहिनी त्याच्या पाठीला टॉवेल लावत होती आणि तिचा चेहरा मला लग्नातल्यासारखा दिसला. माझ्या जिवात जीव आला. जे ठरवलं होतं ते झालं होतं.

फक्त माझ्या गाडीला वास येत होता. त्या उशीचा, कोमट. सामान सगळं माझ्याच डिकीत होतं. उन्हात प्लास्टिक तापलं की असं होतं, असं मी मनाशी म्हटलं. पिशव्या उतरवताना पाहिलं तर पावाचे पुडे जसेच्या तसे बंद होते, चिकटपट्टीसुद्धा निघालेली नव्हती. आत पावांना कडा नव्हत्या. नुसता पांढरा मऊ भाग, चारही बाजूंनी गुळगुळीत, किंचित ओला. आमच्या कारखान्याचा माल होता तो. मीच पास केलेला.

मी ते पुडे कोणाला न सांगता कचऱ्यात टाकले. पाव कुठे आहेत असं ताईने विचारलं तेव्हा म्हटलं, आणायचे राहिले. भावजी म्हणाले, "एवढं ॲप घेतलं आणि पाव विसरल्या!" सगळे हसले. वहिनी हसली नाही. ती बंगल्यात आल्यापासून मी स्वयंपाकघरात असले की आत येत नव्हती. पाणी हवं असलं तरी दारातून मागायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे तळ्यावर होते. मी रात्रीच्या जेवणासाठी बटाटे घ्यायला स्वयंपाकघरात आले. खिडकीतून चांगलं ऊन येत होतं. ओट्यावर लोणी काढून ठेवलं होतं, त्याच्या मधोमध खळगा पडला होता. जिभेएवढा. मी झाकण ठेवलं. नळ ठिबकत होता, तो घट्ट केला, तरी आवाज येत राहिला. मग लक्षात आलं की आवाज नळाचा नाही.

बटाटे खालच्या कपाटात होते.

मी तर्क केला. उंदीर असेल, घूस असेल, तळ्यावरची घरं, असणारच. बाहेर ताई ओरडत होती, भावजींनी तिच्यावर पाणी उडवलं होतं. भर दुपार होती. असल्या दुपारी कपाटाचं दार उघडायला घाबरणं म्हणजे अति झालं. मी उघडलं.

बटाट्यांची पिशवी होती. तिच्यामागे कांदे. आणि दोन्हींच्या मधल्या फटीत एक ओठ होता.

खालचा ओठ. फिका, ओला, लोंबता. तान्हं मूल चमच्याची वाट बघत ओठ पुढे काढतं, तसा. वर काही नव्हतं, म्हणजे असेलही, पण तिथे सावली होती आणि मी वर पाहिलं नाही. ओठावरून लाळेची एक तार बटाट्यांवर उतरली होती. तो थोडासा हलला. माझा वास आला असावा, कारण तो माझ्या दिशेने आणखी पुढे आला, अगदी विश्वासाने.

मी दार लावलं. पाठीने दाबून धरून खाली बसले. पाठीमागे लाकडाला हळूच ओलं काहीतरी लागलं आणि खालून वर सरकत गेलं.

६

वहिनी मागच्या पायऱ्यांवर बसली होती. मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. मला तिला मारावंसं वाटत होतं.

"घेऊन जा ते," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता."

"तुम्ही घेतलंत, वन्सं."

"मला काय माहीत काय घेतेय!"

"मला तरी कुठे माहीत होतं?" ती माझ्याकडे बघतही नव्हती, पाण्यातल्या दादाकडे बघत होती. "मी पण कोणालातरी असंच म्हटलं होतं. काही लागलं तर माझ्याकडे द्या म्हणून."

"काय आहे ते?"

"भूक लागते त्याला. मला एवढंच माहीत आहे."

मी तिच्या शेजारी बसले. तिने सवयीने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी तो झटकला. मग ती मला समजावून सांगायला लागली, नवीन बाईला काम दाखवावं तशी.

"ते बोलत नाही. सकाळी उठल्यावर आपल्या तोंडाला एक चव असते. जी असेल ते द्यायचं. मला ओळखता यायचं नाही, म्हणून यांना उठवायची, यांच्याही तोंडाला तीच असायची. मग लिहून ठेवायची, नाहीतर दिवसभरात विसरायला होतं. तुम्हाला सोपं जाईल, वन्सं. तुमची नोकरीच ती."

"आणि नाही दिलं तर?"

तिने तळ्याकडे हनुवटी केली. दादा पाण्यातून बाहेर येत होता. ऊन त्याच्या अंगावर पडलं होतं. बरगड्या अजून मोजता येत होत्या, पण पोट जेवलेल्या माणसाचं होतं. त्याने आम्हाला पाहून हात हलवला. अंगठ्याची पट्टी पाण्यात कुठेतरी सुटून गेली होती. दुरून मला तो अंगठा बाकीच्या बोटांपेक्षा फार आखूड दिसला. दुरून चूक होऊ शकते.

ॲप माझ्या हातातच होतं. नाव बदलणं अगदी सोपं असतं त्यात. बोट दाबून धरलं की सगळ्यांची नावं समोर येतात, त्यातलं एक निवडायचं. मी बोट दाबून धरलं. ताई, भावजी, दादा, वहिनी. वहिनी माझ्या बोटाकडे बघत होती.

"छोटे," दादा पायऱ्या चढत म्हणाला, "जेवायला काय आहे? मला परत भूक लागलीये."

मी फोन पर्समध्ये टाकला.

७

सहल संपली तसं सगळ्यांनी ते ॲप काढून टाकलं. ताई म्हणाली, कामाचं होतं बाई, पुढच्या वेळी हेच घेऊ. यादीत आता मी एकटीच आहे.

माझं स्वयंपाकघर लख्ख असतं. मी पूर्वी दिवसातून किती वेळा ओटा पुसायची, आता पुसावा लागत नाही. पहिले काही दिवस पुसला, मग कळलं की त्यानंतर तो पुन्हा चाटला जातोच. मी बाहेर जेवते. म्हणजे बाहेर जाऊन ताटासमोर बसते. कारखान्यातल्या मुली म्हणतात, वजन छान उतरवलंत, काय करता? किळस अजून येते, अगदी पूर्वीसारखी. मला वाटलं होतं माणसाला कशाचीही सवय होते. झाली नाही. रोज सकाळी मी जीभ टाळूला लावते, कालचा बटाटा ओळखते, आणि मोरीवर वाकून ओकते. मग तोंड धुऊन बटाटा उकडायला ठेवते.

काल दादाचा फोन आला. आवाज भरलेला, खणखणीत. दुकानात नवी फ्रेम आलीय, तुझ्या नाकाला शोभेल, ये म्हणाला. मग मध्येच थांबला.

"छोटे, मागे कोण आहे?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "मी एकटीच आहे."

मग तो अगदी हळू बोलला, लहानपणी आईला ऐकू जाऊ नये म्हणून बोलायचा तसा.

"सायीवर भागतंय तोवर साय दे. कंजुषी करू नकोस. दुसरं काही मागायला लागू देऊ नकोस."

"आणि मागितलं तर?"

"मी येऊ का तिकडे?" दादाने विचारलं. "मी येतो. माझं नाव टाक परत."

"काही नको," मी म्हटलं. "तू जेवलास का?"

"जेवलो."

"मग बरं."

आज सकाळी जाग आली तेव्हा तोंडाला साय नव्हती. बटाटा नव्हता, अंडं नव्हतं. मी डोळे मिटून पडून राहिले आणि कारखान्यात करते तसं नीट चाखलं. खारट. किंचित साबण, किंचित धातू. मऊ, आणि आत टणक. ओळखायला वेळ लागला नाही. लहानपणी मी फार उशिरापर्यंत अंगठा चोखायची.

यादीत मी काही लिहिलं नाही. औषधांच्या डब्यातून पट्टी आणि कापूस काढून ओट्यावर ठेवला. मग पाव घेतला, त्याच्या चारही कडा कापल्या, दुधात भिजवल्या आणि वर सगळी साय घातली. एकदा असंही करून बघू म्हटलं. मोरीखालचं दार उघडून वाडगा आत सरकवला आणि ऐकत उभी राहिले.

वाडगा हळूहळू परत बाहेर आला. भरलेला.